के-बार घ्यायचा, पण कोणाचा?

पुण्याची तिकिटं काढली की आठवड्याभरात याद्या यायला लागतात. कुणाला बदाम, कुणाला व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाला इथे स्वस्त मिळतात असा समज असलेले बूट. गेल्या वर्षी भाच्याचा मेसेज आला, "मामा, येताना एक के-बार आणशील?" पोरगा पावसाळ्यात एक शनिवार घरी सापडत नाही, सारखा सह्याद्रीत. मी लिहिलं, "आणतो की. पण कोणाचा?" त्यावर उत्तर आलं, "म्हणजे? के-बार म्हणजे के-बारचाच ना!"

त्याचं चुकलं नव्हतं आणि बरोबरही नव्हतं. आपल्याकडे एके काळी कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणत, तसं या सुऱ्याचं झालंय. के-बार हे एका कंपनीचं नाव, आणि अमेरिकन मरीन सैनिकाच्या कमरेला असणाऱ्या एका विशिष्ट घाटाच्या सुऱ्याचंही. त्या घाटाचे सुरे आजवर बऱ्याच कारखान्यांनी केले. काही कारखाने बंद पडले, काहींची नुसती नावं विकली गेली, काही अजून चालू आहेत. दुकानात ते सगळे एकसारखे दिसतात. भाच्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण असले मेसेज मला एकट्यालाच येत नसणार.

सुऱ्याची कुळकथा थोडक्यात अशी. दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर अमेरिकेच्या मरीन दलाला खंदकातल्या झटापटीसाठीच्या जुन्या सुऱ्यांपेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं. सैनिक सुरा चालवतो तो मुख्यतः डबे उघडायला, खोकी फोडायला, दोर कापायला, माती उकरायला आणि तंबूच्या खुंट्या ठोकायला. म्हणून १९४२ साली लढाईला आणि कामाला दोन्हीकडे चालेल असा एक सुरा ठरला. ७ इंची पातं, टोकाकडे वरून खाली उतरत आलेली पाठ, पात्याच्या दोन्ही अंगांना पन्हळ, कातड्याच्या चकत्या ओवून केलेली मूठ आणि शेवटी पोलादी टोपण. मुठीसकट लांबी जेमतेम फूटभर. नौदलानंही तोच घेतला आणि त्याला मार्क २ म्हटलं. (त्या पन्हळीला लोक 'रक्ताची नाळ' म्हणतात आणि तिच्यावर तिखटमीठ लावून गोष्टी सांगतात. पन्हळीनं पात्याचं वजन थोडं कमी होतं, एवढंच तिचं काम.)

युद्धात हे सुरे चार कंपन्यांनी केले: कॅमिलस, युनियन कटलरी, रोबसन आणि पाल. नकाशा काढून बघा, चारही न्यूयॉर्क राज्यातल्या. मी रॉचेस्टरला राहतो. रोबसनचं पेरी गाव माझ्यापासून तासाभरावर. कॅमिलस गाव सिराक्यूजला लागून. युनियन कटलरीचं ओलिअन दक्षिणेला, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेजवळ. पाल तेवढी लांब, प्लॅट्सबर्गला, पार कॅनडाच्या तोंडाशी. यांतली युनियन कटलरी आपल्या सुऱ्यांवर 'के-बार' असा ठासा मारायची. हे नाव कुठून आलं त्याची कंपनी एक गोष्ट सांगते. एका शिकाऱ्यानं आपल्या सुऱ्यानं अस्वल मारलं आणि कंपनीला पत्र लिहून कळवलं. त्याचं अक्षर इतकं दिव्य, की 'किल अ बेअर'मधली के-ए-बार एवढीच अक्षरं लागली. गोष्ट खरी असो वा रचलेली, नाव लक्षात राहण्याजोगं होतं आणि मुठीपाशी पात्यावर ठळक कोरलेलं होतं. सैनिकांच्या तोंडी तेच बसलं. युद्धकाळात सर्वांत जास्त सुरे केले कॅमिलसनं, नाव मात्र के-बारचं झालं.

इथेच निवडीचा पहिला मुद्दा येतो. ड्रॉइंग सरकारचं, मापं सरकारची, कारखाने निराळे. मग फरक पडतो कुठे? दिसतं त्यात फारसा नाही. फरक असतो आत, आणि आत बघता येत नाही, म्हणून बनवणारा कोण ते बघावं लागतं.

सगळ्यात आधी पोलाद. या घाटाच्या बहुतेक चांगल्या सुऱ्यांवर १०९५ हा आकडा दिसेल. त्यातला १० म्हणजे साधं कार्बनी पोलाद आणि ९५ म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन. के-बार वापरते त्या पोलादात क्रोमियम आणि व्हॅनेडियम किंचित मिसळलेलं असतं, म्हणून ते त्याला १०९५ क्रो-व्हॅन म्हणतात. पण पोलादाचं नाव म्हणजे तांदळाची जात. भात कसा होणार ते शिजवणाऱ्याच्या हातात. आपल्याकडचा लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून कोयता घडवतो तेव्हा गिऱ्हाईक काय विचारतं? पाणी बरं दिलंय ना? अगदी तोच प्रश्न इथे विचारायचा. पातं लाल करून विझवलं की ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग पुन्हा बेतानं तापवून त्यातला ठिसूळपणा काढतात. या दुसऱ्या पायरीत कारखान्याची खरी लायकी कळते. के-बार आपल्या मरीन सुऱ्याचा कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५८ सांगते. या कामाला तो नेमका आहे. धार बऱ्यापैकी टिकते, आणि दगडावर आपटली तर टवका उडण्याऐवजी दबते. नुसतं 'हाय कार्बन स्टील' एवढंच छापून कडकपणाबद्दल अक्षर न काढणाऱ्या मालापासून मी लांब राहतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी अ‍ॅडिरॉन्डॅकच्या जंगलात ऑक्टोबरात कॅम्पला गेलो होतो. सोबत नवाकोरा 'मिलिटरी स्टाइल' सुरा. बनवणाऱ्याचं नाव सांगत नाही, स्वस्त पडला म्हणून घेतला होता. ओलं लाकूड फुटेना, म्हणून पातं ओंडक्यावर आडवं ठेवून पाठीवर दांडक्यानं ठोकत होतो. चौथ्या की पाचव्या ठोक्याला हातात नुसती मूठ राहिली. पातं लाकडात तसंच रुतून बसलेलं. विस्तवाच्या उजेडात बघितलं, तर पात्याची मुठीत जाणारी शेपटी, जिला टँग म्हणतात, जेमतेम दोन इंच होती. तिला पुढे पेन्सिलीएवढी आट्यांची सळई वेल्ड केलेली. सुरा तुटला तो त्या वेल्डपाशीच. तुटल्या जागी खडीसाखरेसारखे जाड, चमकते दाणे दिसत होते. पोलाद जास्त तापवलं की असे दाणे पडतात. सकाळी चहासोबतचे ब्रेडही दुसऱ्याच्या सुरीनं कापले.

तर टँग. मरीन सुऱ्याची टँग मुठीच्या पूर्ण रुंदीची नसते. ती पट्टीसारखी अरुंद असते, चकत्यांमधून आरपार जाते आणि मागच्या टोपणाला पिनेनं किंवा ठोकून पक्की केलेली असते. इंटरनेटवरचे पंडित हिला 'उंदराची शेपटी' म्हणून नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. पातं आणि टँग एकाच पोलादाच्या पट्टीतून काढलेली असली, आणि टँग जिथे पात्याला मिळते तिथले कोपरे काटकोनात न कापता गोलाकार ठेवलेले असले, तर हा सांधा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. युद्धातले सुरे ऐंशी वर्षांनंतरही धडधाकट मिळतात, ते याच रचनेचे. वेल्ड केलेली सळई ही वेगळी जमात, तिची गोष्ट आत्ता झाली. दुकानात तपासायचं असेल तर पातं फडक्यात गुंडाळून घट्ट धरा आणि टोपणावर मूठ आपटा. पोकळ गुणगुण हाताला जाणवली तर सुरा परत ठेवा. मग गार्ड, म्हणजे मुठीपुढची आडवी पट्टी, अंगठ्यानं दाबून बघा. ती एक केसभरही हलता कामा नये.

आता आजची परिस्थिती. ओलिअनची ती कंपनी आज के-बार याच नावानं आहे. १९९६ पासून ती कटको ही स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करणारी कंपनी चालवणाऱ्या समूहाकडे आहे, तीही ओलिअनचीच. मरीन सुरा अजूनही तिथेच होतो. फिनिशिंग एकसारखं, धार येतानाच कामाची, दोन्ही अंगांनी साधारण २० अंशांची. एकाच सुऱ्याचे प्रकार मात्र डोकं फिरवतील इतके: कातडी मूठ, रबरी मूठ, साधी धार, दातेरी धार, कातडी म्यान, प्लास्टिकचं म्यान, आणि सव्वापाच इंची पात्याचा धाकटा भाऊ. दातेरी धार घेऊ नका. दोर कापायला ती बरी, पण घरी धार लावता येत नाही, आणि आपल्याकडच्या धारवाल्याकडे नेली तर तो चाकावर दातेच घासून टाकील.

कॅमिलसची गोष्ट मनाला लागते. १८७६ साली व्यापारी म्हणून सुरू झालेली ही पेढी १९०२ मध्ये त्या गावातला कारखाना घेऊन उत्पादक झाली. पुढे दोन महायुद्धं आणि व्हिएतनामसाठी सुरे करून २००७ मध्ये तिला टाळं लागलं. नाव दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं. त्यामुळे आज नव्या डब्यावर 'कॅमिलस' दिसलं, तरी त्याचा त्या गावाशी काही संबंध नाही. तो माल त्याच्या स्वतःच्या गुणांवर पारखायचा, आजोबांच्या पुण्याईवर नाही. जुना कॅमिलस मात्र डोळे झाकून घेण्यासारखा. माझ्याकडे एक आहे. सिराक्यूजजवळच्या जुन्या बाजारात एका निवृत्त सैनिकानं तो टेबलावर मांडला होता. मूठ घामानं काळी पडलेली, पण चकत्यांमध्ये नखसुद्धा शिरणार नाही एवढी घट्ट.

ओंटारिओ नाइफ कंपनीचं नाव ऐकून लोकांना कॅनडा आठवतो. ती मुळात न्यूयॉर्कच्या ओंटारिओ काउंटीतल्या नेपल्स गावची, १८८९ सालची. नंतर तिचा कारखाना फ्रँकलिनविलला होता, ओलिअनच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर. लष्कराला सुरे आणि संगिनी पुरवणारी ही मोठी कंपनी. मरीन दलाची २००० नंतरची संगीनही तिनंच केली. मरीन सुऱ्याची तिची आवृत्ती ४९८ या क्रमांकानं ओळखली जाते. वैमानिकांसाठीचा ५ इंची, पाठीवर करवतीचे दाते असलेला सुरा म्हणजे ४९९. त्याच्या म्यानाला निसण्याचा छोटा दगड ठेवायला खिसा असतो, ही मला फार आवडलेली गोष्ट. ओंटारिओचं काम सरकारी कंत्राटाच्या वळणाचं. कड-कोपऱ्यांवर नजाकत नाही, धार थोडी जाड, पण कामाला पक्कं. तिच्याबाबतीत आता एकच काळजी घ्यायची. २०२३ मध्ये कंपनीचं नाव विकलं गेलं आणि फ्रँकलिनविलचा कारखाना बंद झाला. त्याआधीचा माल आणि नंतरचा माल एकच समजू नका. डब्यावर कुठल्या देशात बनला ते वाचा आणि दुकानदाराला कधीचा स्टॉक ते विचारा.

लाकूड फोडणं, फांद्या तोडणं, असलं धसमुसळं काम करायचं असेल तर मरीन सुऱ्याचा हट्ट धरू नका. बेकर नावाची एक मालिका आहे, त्यातला बीके-२ बघा. सव्वापाच इंची पातं, पाव इंच जाड, आणि टँग मुठीच्या पूर्ण रुंदीची, बाहेरून दिसणारी. गंमत म्हणजे ही मालिका आधी कॅमिलस करत असे, तो कारखाना बंद पडल्यावर के-बारनं उचलली. वजन सुमारे एक पौंड, म्हणजे पाठीवर घेऊन चढताना शिव्या द्याल. इडाहोत बनणारे एसी कंपनीचे सुरे त्याच जातीचे. त्यांची हमी अशी, की मोडला तर काही न विचारता नवा देतात, आणि सुऱ्याचा मालक बदलला तरी ती चालू राहते. युरोपातला ऑस्ट्रियन सैन्याचा ग्लॉक सुरा, पिस्तुलवाल्या ग्लॉकचाच, प्लास्टिकच्या मुठीचा, हलका आणि दणकट. पण धार फार बारीक येत नाही. स्वीडनच्या फॅल्कनिव्हेनचा एफ-१ तिथल्या वैमानिकांसाठी १९९५ पासून घेतला जातो. पातं १० सेंटिमीटरपेक्षाही लहान, गंजाला दाद न देणाऱ्या पोलादाचं, आणि घडवला जातो जपानमधल्या सेकी गावात. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. आणि कुणाला निव्वळ ट्रेकवर कांदा, दोरी, चीजचं पाकीट एवढंच कापायचं असेल, तर स्वीडनचीच मोरा घ्या. ती के-बारच्या पाव किमतीत मिळते. मी हे मनापासून सांगतो, पण कुणी ऐकत नाही, कारण तिच्यावर मरीन लिहिलेलं नसतं.

जुना सुरा घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. महायुद्धातल्या सुऱ्यांवर बनवणाऱ्याचं नाव बहुधा पात्याच्या मुठीकडच्या सपाट भागावर असतं. व्हिएतनामच्या काळात, जेव्हा कॅमिलसबरोबर युटिका आणि कोनेट्टा यांनीही हे सुरे केले, तेव्हा नाव गार्डवर आलेलं दिसतं. पात्यावर एक नाव, म्यान दुसऱ्या काळातलं आणि मूठ नुकतीच बसवलेली, असे जोडलेले नग सर्रास फिरतात. मूठ चकाकत असेल आणि पातं मात्र निसून निसून अरुंद झालेलं असेल, तर कुणीतरी हात फिरवलाय असं समजा. वापरायलाच हवा असेल तर हरकत नाही, पण संग्रहाचे पैसे मोजू नका.

आता आपल्या हवेचं. १०९५ पोलाद गंजतं. काळा थर पात्याला वाचवतो, धारेला नाही, कारण धार लावताना तो निघून जातो. जुलैत सह्याद्रीत दोन दिवस काढून आलात आणि सुरा तसाच सॅकमध्ये राहिला, तर सोमवारी धारेवर तांबूस ठिपके दिसतील. घरी आल्यावर पुसून, वाळवून तेलाचा बारीक हात फिरवा. ज्यानं खायचं कापायचं त्याला खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल चांगलं. कातडी म्यानात सुरा कधीही साठवू नका. कातडं ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात, आणि दोन्ही मिळून पातं खातात. पावसाळ्यात म्यानावर बुरशी येते ती वेगळीच. कोकण-घाटासाठी घेत असाल तर रबरी मूठ आणि प्लास्टिकचं म्यान, यात मला दुमत नाही. कातडी मूठ हाताला सुंदर लागते, फोटोत त्याहून सुंदर दिसते, पण ती कोरड्या हवेची आहे.

धार लावताना कोन कसा धरायचा हे सगळे विचारतात. कागदाचा काटकोनी कोपरा घ्या, एकदा मधोमध दुमडा, ४५ अंश. पुन्हा दुमडा, साडेबावीस. तो त्रिकोण निसण्यावर ठेवा, पात्याची पाठ त्याला टेकवा, आणि हाताला तेवढा उंचावा ओळखीचा होईपर्यंत चार-पाच वेळा नुसतंच धरून बघा. मग पाणी घालून घासा, दोन्ही बाजूंना सारखं.

राहता राहिला कायदा, आणि तो शेवटी म्हणून कमी महत्त्वाचा नाही. भारतात शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरगुती वा शेतीकामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. ७ इंची मरीन सुरा या मापात बसत नाही. पण तेवढ्यावर तो कमरेला लावून लोकलमध्ये चढू नका. पोलिसांचे मनाई आदेश लागू असतात तेव्हा मापाचा युक्तिवाद ऐकायला कुणाला वेळ नसतो. ट्रेकर्सना फारसं ठाऊक नसलेली गोष्ट अभयारण्यांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' शब्दाच्या व्याख्येत सुरेही येतात, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायला बंदी आहे. भीमाशंकर अभयारण्य आहे. हरिश्चंद्रगडही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातच येतो. तिथे जाताना मोठा सुरा घरी ठेवा.

विमानात तो अर्थातच चेक-इन सामानात. पातं म्यानात, म्यानावर जाड पुठ्ठा, वर चिकटपट्टी, म्हणजे बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. दुकानाची पावती वरच्या कप्प्यात. कस्टम्सनं विचारलं तर सरळ दाखवायची.

भाच्यासाठी शेवटी नेला तो सव्वापाच इंची धाकटा, साधी धार, रबरी मूठ, प्लास्टिकचं म्यान. त्याचा चेहरा जरासा पडला. त्याला सिनेमातला कातडी मुठीचा हवा होता. मग त्यानं म्यान उलटं करून बघितलं आणि विचारलं, "मामा, खाली हे भोक कशाला ठेवलंय?"

"पाणी जायला," मी म्हटलं. बाहेर पाऊस पडतच होता.